काळा दगड आणि दिल्लीचं ऊन

दगड बघायला गेले की मी आधी चपला काढते. दुकानदारांना वाटतं, बाई फार देवभोळी. तसं काही नाही. दगडावर अनवाणी उभं राहिलं की तळव्यांना जे कळतं ते कॅटलॉगमधल्या फोटोत दिसत नाही, आणि विकणारा तर मुळीच सांगत नाही. घसरडा आहे का, टोचतो का, तापतो किती आणि निवतो कधी. ज्यावर माणसं चालणार ते नुसतं हाताने चाचपून घेणं मला पटत नाही.

जुन्या इमारती दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. लग्नानंतर पुण्याहून दिल्लीला आले, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार केला, नवऱ्याच्या निवृत्तीनंतर गाझियाबादला फ्लॅट घेतला. या सगळ्या काळात मी दिल्लीकरांच्या भिंती खरवडत आले आहे. किल्ले, मकबरे माझ्या वाट्याला आले नाहीत आणि त्याचं मला दुःख नाही. माझ्याकडे येतात साधी राहती घरं, शाळा, एखादा दवाखाना. मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, सब नया कर दो." मग जेवढं जुनं वाचवता येईल तेवढं वाचवायचं, आणि नवं घ्यावंच लागलं तर ते जवळचं, टिकाऊ आणि पुन्हा दुरुस्त होणारं घ्यायचं, यासाठी मी त्याच्याशी भांडते. बहुतेक वेळा मीच जिंकते. यात बढाई नाही, मी अभ्यास करून जाते.

अभ्यास म्हणजे आमची कार्डं. इमारतीत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असतं. ती कुठून आली, किती लांबून आली, आधी कुठे वापरलेली होती, का निवडली, उद्या बिघडली तर कशी दुरुस्त करायची. सोबत फोटो आणि एक छोटा तुकडा. ऑफिसातली मुलं त्याला पत्रिका म्हणतात. म्हणोत. पत्रिका जुळली नाही तर मी लग्न मोडते, हे त्यांनाही ठाऊक आहे. हल्ली खोक्यावर हिरवं पान छापलं की कुठलाही माल पर्यावरणाचा मित्र होतो. एक विक्रेता असंच पानवालं खोकं घेऊन आला होता. टाइल्स कुठून येतात म्हणून विचारलं, तर त्याने खोकं फिरवून मला पुन्हा ते पानच दाखवलं. त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

पण सगळ्यात मोठं भांडण मला परक्यांशी करावं लागलं नाही. ते आमच्याच मराठी मंडळींशी झालं.

उत्तर दिल्लीत, रिजच्या, म्हणजे इथल्या जुन्या खडकाळ टेकडीच्या उतारावर, हिंदूराव हॉस्पिटलहून चालत जाता येईल अशा ठिकाणी मराठी मंडळींचं एक जुनं सभागृह आहे. नोकरीसाठी आलेल्या लोकांनी पोटाला चिमटा काढून बांधलेलं. एक हॉल, एक रंगमंच, मागे स्वयंपाकघर आणि पुढे मोठं अंगण. गणपती त्या अंगणात बसतो. मध्यंतरी कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि अख्ख्या अंगणावर सिमेंट ओतलं गेलं. तेव्हापासून पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं सोडून हॉलकडे वळलं आणि भिंतींना कंबरेपर्यंत ओल चढली. हे दुरुस्त करायला समितीने मला बोलावलं. फी घेणार नाही म्हटल्यावर तर फारच प्रेमाने बोलावलं.

मी आधी एका कोपऱ्यातलं सिमेंट फोडून बघितलं. खाली मूळची फरशी निघाली. रिजचाच दगड, राखाडी, मधूनच गंजासारखी लाल झाक असलेला. बरीचशी फरशी शाबूत होती, बाकीची सिमेंट ओतताना फोडली गेली होती. मला उत्तर मिळालं. शाबूत फरशी जागेवर ठेवायची, फुटलेल्या जागी तसाच दगड बसवायचा, सांध्यांत सिमेंट न भरता वाळू भरायची, म्हणजे पाणी आपोआप खाली जाईल. रिजवर खाणी कधीच्या बंद झाल्या आहेत, त्यामुळे हा दगड नवा मिळत नाही. पण दिल्लीत रोज कुठलं ना कुठलं जुनं घर पडतं आणि त्याच्या मलब्यात तो असतोच.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने समितीपुढे मांडलं. माझं संपेपर्यंत अध्यक्ष शांत बसले होते. त्यांना सगळे काका म्हणतात, मीही. ऐंशी ओलांडलेली, कडक इस्त्रीचा शर्ट, केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म गेलेला. मुलगा नोएडात आयटीत, सगळे गाझियाबादला एकत्र राहतात.

"काम चांगलं केलंस," काका म्हणाले. "पण दगड मी ठरवलाय. आपल्याकडचा काळा दगड आणायचा. सह्याद्रीचा. गावाकडे एकाशी बोलून ठेवलंय, ट्रकने पाठवतो म्हणतोय."

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बघतच राहिले. एरवी चहात साखर किती यावर एकमत न होणारी ही माणसं! सांस्कृतिक विभाग बघणाऱ्या काकूंनी तर डोळ्यांना पदर लावला. "आपला दगड! बिल्कुल मंदिरासारखं वाटेल हो."

"काका, अख्खा देश ओलांडून ट्रक भरून दगड आणायचा?" मी म्हटलं. "तोही जमिनीत इथला दगड असताना? त्याच्या कार्डावर मी काय लिहू? डिझेल किती जळलं ते?"

"तुझं कार्ड तुझ्याकडे ठेव. अगं, सगळं आयुष्य परमुलखात काढलं. एवढं एक अंगण तरी आपलं असू दे."

"आणि फुटला की दुसरा कुठून आणायचा?"

"तोही तिथूनच आणायचा." मग ते म्हणाले, "दगड इथे येणार नसेल, तर मी तिकडे जातो. गावी चुलतभावाने खोली देऊ केलीच आहे."

कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत.

त्या दिवशी त्यांच्या मुलाने मला गाडीतून घरी सोडलं. काका पुढे बसून झोपले होते, की झोपल्यासारखं दाखवत होते, देव जाणे. मला सोसायटीच्या गेटशी उतरवताना तो माझ्याबरोबर खाली उतरला.

"ताई, ते गंमत नाही करत आहेत," तो म्हणाला. "आई गेली ना, तेव्हा डिसेंबर होता. इतकं फॉग, की ट्रेन कॅन्सल, फ्लाइट कॅन्सल. बाबांना अस्थी नाशिकला न्यायच्या होत्या. मी म्हटलं, किती दिवस थांबायचं यार, आणि गढमुक्तेश्वरला गंगेत सोडल्या. तेव्हा ते काही बोलले नाहीत. नंतर एकदा म्हणाले, तिला परक्या पाण्यात सोडलंस. बस. तेव्हापासून गाव, गाव, गाव. तिथे कोण आहे त्यांचं? तो चुलतभाऊ स्वतः काठी घेऊन चालतो. रात्री काही झालं तर?"

"मग तुला काय हवंय? मी काळ्या दगडाला हो म्हणू?"

"हो म्हणा ना, प्लीज. एक ट्रकच तर आहे."

मी घरी जाऊन चहा केला आणि तो गार होईपर्यंत तशीच बसले. मला त्या मुलाचं वाईट वाटलं आणि काकांचंही वाटलं. पण हो म्हणणं माझ्याने झालं नसतं. मी हट्टी आहे हे खरं, तरी इथे नुसता हट्ट नव्हता. दिल्लीच्या उन्हात काळ्या दगडाचं काय होतं ते मला माहीत होतं, आणि गणपतीत दुपारच्या आरतीला रांगेत माणसं अनवाणी उभी असतात. भाद्रपदातलं इथलं ऊन पुण्याचं नव्हे. पोरंबाळं, म्हाताऱ्या बायका, सगळ्यांच्या पायांना चटके बसले असते, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी त्यावर पुन्हा सिमेंट ओतलं असतं.

तोंडाने सांगून पटणार नव्हतं. गावाहून नमुन्याची एक काळी फरशी आली होती. घडवलेली, कडा धरलेली, दिसायला खरोखर देखणी. जूनमधल्या एका रविवारी मी ती सकाळीच अंगणात ठेवली आणि शेजारी तिथलीच उकरून काढलेली राखाडी फरशी. भर दुपारी समितीची बैठक बोलावली. सगळे घाम पुसत आले तेव्हा म्हटलं, "चपला काढा. दोन्ही दगडांवर उभं राहायचं. एक आरती होईपर्यंत."

काकू हौसेने पुढे झाल्या. काळ्या दगडावर पाय ठेवला आणि उडी मारून बाजूला झाल्या. "अगं बाई गं! यावर भाकरी भाजून निघेल!" बाकीच्यांनीही तेच केलं. राखाडी दगड काही गार नव्हता, पण त्यावर उभं राहता येत होतं. लोक एकमेकांना ढकलत होते, हसत होते. मला आतून गुदगुल्या होत होत्या. भांडण जिंकल्याचा आनंद काही वेगळाच असतो, तो मी लपवत नाही.

मग काका आले. त्यांनी चपला काढून नीट जोडून ठेवल्या, काळ्या दगडावर चढले आणि उभे राहिले. हात जोडून. समोर बघत.

हसणं हळूहळू थांबलं. काका हलले नाहीत. चेहऱ्यावर रेषही हलली नाही, फक्त मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता.

"काका, पुरे. उतरा."

"काही होत नाही मला."

"बाबा, यार, उतरो ना!" मुलगा ओरडला. घाबरला की तो हिंदीत बोलतो.

मी पुढे झाले, दंडाला धरलं आणि त्यांना अक्षरशः खाली ओढलं. तळवे लालबुंद झाले होते. स्वयंपाकघरातून बादली आणली आणि त्यांचे पाय पाण्यात ठेवले. मला भयंकर राग आला होता. त्या माणसाचा राग, आणि थोडा स्वतःचाही. माझी परीक्षा दगडाची होती, ती त्यांनी स्वतःची करून टाकली होती. काका पाण्यातल्या पायांकडे बघत बसले. मग म्हणाले, "तापतो खरा."

दगड कुठला यावर मतदान घ्यायचं होतं, ते त्या दिवशी झालंच नाही. जाताना मुलाने हळूच सांगितलं की काकांनी गावच्या चुलतभावाला फोन करून खोलीला रंग द्यायला सांगितलंय.

मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी गेले. मनधरणी करायला नव्हे. माझं एक काम अडलं होतं आणि त्याला काकांसारखाच माणूस हवा होता. मलब्याच्या दगडाची मोठी अडचण म्हणजे त्याचा पत्ता. विकणारा म्हणतो, जुन्या हवेलीचा आहे. निघतो रस्त्याच्या कडेचा. माझी कार्डं अशा गप्पांवर भरली जात नाहीत. आणि काका म्हणजे अख्खी नोकरीभर दुसऱ्यांच्या फायलींवर शंका काढलेला माणूस. मी त्यांना म्हटलं, "दगड कुठलाही येऊ दे, पण इथला नमुना तपासायला तर हरकत नाही? मला लोक फसवतात. तुम्हाला फसवायची कुणाची छाती आहे?"

त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. माझा डाव त्यांना कळला असणार. पण पाय बरे होताच ते माझ्याबरोबर निघाले.

मलबावाल्याच्या वखारीत काकांना बघणं हा एक सोहळा होता. "किस मकान का? कौन सी गली? गिराया कब? परमिशन थी?" तो बिचारा आधी आवाज चढवून बोलला, मग त्याने खुर्ची मागवली, मग सरबत. शेवटी त्याने घराचा पत्ता दिला. मी तो लिहून घेऊन निघाले असते, पण काका म्हणाले, "पत्ता कुणीही सांगेल. जाऊन बघू."

घर हिंदूरावच्या मागच्या एका गल्लीत होतं. अर्धं पाडून झालं होतं. मागच्या अंगणातला थोडा दगड अजून जमिनीत होता, आमच्याच अंगणाचा जुळा भाऊ म्हणावा असा. घराची मालकीण, माझ्याच वयाची पंजाबी बाई, सामानाच्या खोक्यांवर बसून ट्रकची वाट बघत होती. गुडगावला मुलाकडे निघाली होती. मी कार्ड काढून नेहमीचे प्रश्न सुरू केले. अंगण कोणी घातलं, इथे काय काय होत असे. तिने भरभरून सांगितलं. वडील फाळणीत पाकिस्तानातून आले, इथे घर केलं. हिवाळ्यात सगळं घर या दगडावर उन्हाला बसायचं. वडील मटार सोलायचे आणि सारखे आपल्या गावच्या मटारची आठवण काढायचे. तिथल्यासारखी गोडी इथल्या मटारला नाही म्हणायचे.

काकांनी मध्येच विचारलं, "कहाँ के थे?"

"थे तो झंग के," ती म्हणाली. "पर गए यहीं से."

हा प्रश्न माझ्या कार्डावर नव्हता.  काका वाकून त्या दगडाला हात लावून बघत राहिले. परतताना गाडीत मी मुद्दाम गप्प बसले, आणि मला गप्प बसणं फारसं जमत नाही. बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "दगड चांगला आहे. पुराव्यासकट आहे. घेऊन टाक."

पुढच्या बैठकीत ठराव त्यांनीच मांडला आणि कारणं अशी सांगितली की जणू सगळी त्यांचीच होती. मी मान डोलावली. दगड आला, सिमेंट निघालं, कारागिरांनी जुनी फरशी एकेक उचलून सपाट केली आणि मधल्या फुटक्या जागा भरल्या. बाहेरून आलेल्या प्रत्येक दगडाच्या पाठीवर कार्डाचा क्रमांक घातला, म्हणजे पुढे कुणी उकरलं तर त्याला जुनं कुठलं आणि मागून बसवलेलं कुठलं ते कळावं. अक्षर काकांचं. माझं त्यांना पसंत नव्हतं. नमुन्याची ती काळी फरशी परत पाठवण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून ती स्वयंपाकघरात, ओट्याचा फुटका तुकडा काढून तिथे बसवली. सावलीत ती छान गार राहते. काकू तिच्यावर मोदकांची उकड मळतात आणि मला सांगतात की हा दगड आणायची कल्पना मूळ त्यांचीच.

काम पुरं झालं तेव्हा मी अंगणात पाण्याचा पाइप सोडून दिला. पाणी जरा साचल्यासारखं झालं आणि मग सांध्यांमधून खाली उतरलं. हॉलकडे थेंबही गेला नाही. मी तिथे उभी राहून स्वतःचीच पाठ थोपटली. पण काका त्या चुलतभावाविषयी अजून काहीच बोलत नव्हते, आणि मुलगा मला रोज मेसेज करत होता, "कुछ बोले क्या?" दगडाचं भांडण मी जिंकले होते. ते जाणार की राहणार, यावर मात्र माझा काही इलाज नव्हता.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघं हॉलच्या पायऱ्यांवर बसून शेवटची कार्डं तपासत होतो. काका चुका काढत होते, मी दुरुस्त करत होते. मुलगा त्यांना न्यायला आला. हातात फोन होता आणि चेहरा उतरलेला.

"बाबा, गावाहून चुलतकाकांचा फोन होता. खोली तयार आहे म्हणतात. तिकीट कधीचं काढू?"

काकांनी हातातलं कार्ड पुरं वाचलं. मग चष्मा काढला.

"त्याला सांग, खोली कुणाला तरी भाड्याने दे. मी येत नाही."

मुलगा तसाच उभा. त्याला वाटलं असावं, आपण नीट ऐकलं नाही.

"आणि हे बघ," काका म्हणाले, अगदी ऑफिसातल्या कामाच्या सूचना द्याव्यात तसे, "माझं झालं की नाशिकबिशिक करत बसू नका. तुझ्या आईला नेलंस ना, गढमुक्तेश्वरला, तिथेच ने. जवळ आहे."

"बाबा..."

"बाबा काय? लांबून आणू नका, लांब नेऊ नका, हेच तर ही बाई वर्षभर माझं डोकं खातेय." ते माझ्याकडे वळले. "बरोबर ना गं?"

जवळचं ते का चांगलं, यावर मी कुठेही, कुणापुढेही तासभर बोलू शकते. त्या संध्याकाळी मात्र "बरोबर आहे, काका," एवढंच कसंबसं म्हटलं. त्यांचा मुलगा आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.